किलोभर रद्दी आणि दोन कात्र्या

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत जाहिरातलेखनाचा प्रश्न आला की चौकट उघडण्याआधीच आत काय असणार ते मला कळतं. वर ‘त्वरा करा! त्वरा करा!’, कोपऱ्यात एक काटेरी तारा, ताऱ्यात ‘५०% सूट’ आणि तळाशी ‘संपर्क : अ. ब. क.’ छत्री विकायची असो, योगवर्ग असो की ग्रंथप्रदर्शन, तारा ठरलेला. (एका मुलीने मोफत नेत्रतपासणी शिबिरावर ५०% सूट दिली होती.) बातमीलेखनाचंही तसंच. ‘आमच्या वार्ताहराकडून’ अशी सुरुवात, मग मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, मग अध्यक्षीय भाषण, आणि आभार मानून बातमी संपते. मुलांच्या बातमीत काही घडत नाही, नुसता कार्यक्रम होतो. आराखडा बरोबर असला की गुण द्यावे लागतात, आणि मी ते देते.

इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा एक अख्खा धडा आहे, पुढचा मनोरंजनाच्या माध्यमांवर. त्यामुळे ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’ हे मुलांना तोंडपाठ असतं. म्हणजे पोरं बातमी लिहितात, वर्तमानपत्रांचा इतिहास सांगतात. पण आज सकाळी घरात आलेला पेपर कोणी हातात घेऊन वाचला का, विचारलं तर वर्ग गप्प. घरी पेपर येतच नाही, हे त्यातल्या निम्म्यांचं उत्तर. उरलेल्यांकडे तो आजोबांसाठी येतो.

आमच्या शाळेत माध्यमं हा वेगळा विषय नाही. मी मराठीची शिक्षिका, उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. उपयोजित लेखनाच्या तासांना जरा ताणून, नववीच्या मुलांना माध्यमं वाचायला शिकवण्यासाठी मी जे काही करते ते या तासांच्या भरवशावर. सुरुवातीला साधनं शोधली तेव्हा जे हाती लागलं ते बहुतेक तक्ते होते. ‘खोटी बातमी ओळखण्याच्या दहा युक्त्या’, भिंग घेतलेलं कार्टून, खाली हिरव्या बरोबरच्या खुणा. मुलं असे तक्ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेला लिहितात, तिथे विषय संपतो. शिवाय त्यात एक गंमत आहे. कशावरही लगेच विश्वास ठेवू नका, असं सांगणारा तक्ता स्वतः मात्र लगेच विश्वास मागतो. तो कोणी केला, कोणाच्या पैशाने छापला, हे त्यावर बहुधा नसतंच.

दुसरीकडे हे काम फार आधीपासून नीट चाललेलं आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने १९८७ सालीच माध्यमिक शाळांच्या इंग्रजी विषयात माध्यमशिक्षणाला अधिकृत जागा दिली. आपल्याकडे केरळात कण्णूर जिल्ह्याने सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्यांवर तास सुरू केले आणि पुढे राज्यभरात ‘सत्यमेव जयते’ या नावाने तसा उपक्रम झाला. सीबीएसईला अकरावी-बारावीत जनसंचार हा विषय घेता येतो. ते सगळं चांगलंच आहे. पण नववीच्या साठ मुलांच्या वर्गात, ज्या खोलीतला प्रोजेक्टर बहुतेक वेळा कापडाखाली झाकलेला असतो, तिथे माझं सगळ्यात भरवशाचं साधन ठरलं ते रद्दीवाल्याकडचं.

रद्दीवाल्याला एकच अट घालायची : एका तारखेचे सगळे पेपर. ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘पुढारी’, ‘देशदूत’, जे असतील ते. तारीख एकच हवी, बाकी काही चालेल. एखादा पेपर एकटा वाचला की वाटतं, काल जगात हेच घडलं. पाच पेपर शेजारी मांडले की पहिल्यांदा दिसतं, कोणीतरी बसून हे निवडलंय. मला वर्षभरात मुलांना जे सांगायचं असतं ते जवळजवळ एवढंच, आणि ते सांगावं लागत नाही. वर्गाच्या मधोमध बाकं सरकवून पेपर पसरले की कोणीतरी ओरडतंच, “मॅडम, याच्यात ही बातमीच नाहीये!”

आमच्या भागात यासाठी कांद्यासारखा विषय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४०% निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या महिन्यांतले पेपर मी बांधून ठेवले आहेत. शहरातल्या आवृत्तीचा मथळा ‘कांद्याने डोळ्यांत पाणी’ अशा धाटणीचा, सोबत भाजीबाजारात पिशवी घेतलेल्या बाईंचा फोटो. आमच्याकडच्या पानावर लिलाव बंद, ट्रॅक्टरच्या रांगा, बळीराजा हवालदिल. एकाच पेपरच्या दोन आवृत्त्या, एकाच कांद्याची बातमी; एकीकडे भाव वाढला की संकट, दुसरीकडे भाव पडला की संकट. वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी कांदा साठवायच्या चाळी आहेत. पिशवीवाल्या बाईंचा फोटो पाहून एक मुलगा म्हणाला, “या बाईंनी आमच्या पप्पांना विचारलं पाहिजे.” मी म्हटलं, बातमी कोणाला उद्देशून लिहिली आहे? पप्पांना की या बाईंना? त्यानंतरचा अर्धा तास मला बोलावं लागलं नाही. फक्त ‘खोटं कोण बोलतंय’ असं विचारणाऱ्यांना आवरावं लागलं. दोन्ही मथळे खरे होते.

याच ढिगात डाक आवृत्तीही सापडते. लांबच्या गावांना जाणारी ही आवृत्ती रात्री लवकर छापायला जाते, म्हणून रात्री उशिरा संपलेल्या क्रिकेट सामन्याचा निकाल त्यात नसतो आणि शहर आवृत्तीत असतो. मुलांना हे फार आवडतं. पेपरला वेळेची फूटपट्टी असते, अकरा वाजता जग कापून घ्यावं लागतं, हे त्यांना तेव्हा कळतं. मग ती घड्याळावरून बातम्यांचा माग काढू लागतात : ही संध्याकाळची, ही दुपारीच आलेली, ही तर कालचीच प्रेसनोट.

फूटपट्टी खरोखरची पण लागते. पेपरातली जाहिरातीची जागा चौरस सेंटिमीटरवर विकली जाते, तेव्हा मोजायलाही तेच माप. एका गटाने बातम्या मोजायच्या, दुसऱ्याने जाहिराती. दिवाळीच्या आधीचा पेपर घेतला तर बातम्यांचा गट लवकर मोकळा होतो. पहिलं पान उलटलं की आत पुन्हा पहिलं पान निघतं. याला जॅकेट म्हणतात हे कळल्यावर मुलांनी हसून घेतलं. गणिताच्या सरांनी हा प्रकार पाहिला आणि शेकडेवारीचा एक तास यावरच घेतला. तेवढा माझा सिलॅबस वाचला.

मोजताना अडचण येते ती मधल्या मजकुराची. दिसायला बातमी, मथळा बातमीसारखा, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘जाहिरात’. कधी तेवढंही नसतं. अशा वेळी मी २००९ची गोष्ट सांगते. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याचे गोडवे गाणारा मजकूर, शब्दाला शब्द सारखा, एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून ते उजेडात आणलं, ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द सगळीकडे झाला आणि प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला. ते कसं सापडलं असेल? नववीतल्या मुलांना याचं उत्तर लगेच येतं, कारण त्यांच्यापुढे तसेच पेपर पसरलेले असतात : शेजारी-शेजारी ठेवून.

सगळ्यात जास्त धमाल मात्र ‘पान एक’च्या खेळात. हा खेळ कोणीही करू शकतं. पंधरा-वीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक बातमी : धरणाचा पाणीसाठा, मंत्र्यांचा दौरा, तालुक्यात एसटी उलटली, शेअर बाजार, एका अभिनेत्रीचं लग्न, आदिवासी पाड्यावर महिनाभर टँकर नाही, क्रिकेट. आठ कॉलमचं कोरं पान फळ्यावर आखायचं. गटातला एक संपादक, दोन उपसंपादक, एक जाहिरात व्यवस्थापक. वीस मिनिटांत पान लावायचं : मुख्य बातमी कोणती, तळाला अँकर कोणती, फोटो कुठे, एका कॉलमात कोणाला बसवायचं. दहाव्या मिनिटाला मी जाहिरात व्यवस्थापकाच्या हातात अर्ध्या पानाची सोन्याच्या दुकानाची जाहिरात ठेवते. पंधराव्या मिनिटाला ताजी बातमी येते.

जाहिरात आल्याबरोबर काय काय कापलं जातं ते बघण्यासारखं असतं. मी जेवढ्यांदा हा खेळ घेतला त्यातल्या बहुतेक वेळा पहिला बळी टँकरचा गेला. मुलं निर्दय आहेत म्हणून नव्हे. अभिनेत्रीचं लग्न लोक वाचतात, एसटी आपल्या तालुक्याची, मंत्र्यांना कसं काढणार? एकदा संपादक झालेली मुलगी जाहिरात पान तीनवर ढकला म्हणून हटून बसली. व्यवस्थापक झालेला मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “नाही हलवणार. त्याने पहिल्या पानाचे पैसे भरलेत. तुझा पगार कुठून येतो?” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी त्यात पडले नाही. प्रश्न बरोबर होता आणि तो त्याने शिक्षकाच्या तोंडून ऐकलेला नव्हता.

टँकरची चिठ्ठी खाली पडलेली असते तेव्हाच ‘मूकनायक’ काढायचा. तोपर्यंत तो पुस्तकातली एक तारीख असतो : ३१ जानेवारी १९२०, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पहिल्याच अंकाच्या अग्रलेखात बाबासाहेबांनी मांडलं होतं की मुंबई इलाख्यातली वर्तमानपत्रं पाहिली तर पुष्कळशी एखाद्या विशिष्ट जातीचंच हित बघणारी दिसतात. ‘मूकनायक’ निघणार असल्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, हेही मुलांना सांगते. पानावर जागा नाही म्हणून जी बातमी गळते ती कोणाची असते? त्या दिवशीच्या खऱ्या पेपरातली गावांची नावं मग मुलं जिल्ह्याच्या नकाशावर टिकल्या लावून दाखवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी टिकल्यांचा गुच्छ, महामार्गावर अपघातांची रांग, आणि पश्चिमेचे डोंगरी तालुके मोकळे. आमच्या वर्गात त्या तालुक्यांतून वसतिगृहात आलेली मुलं आहेत. त्यांना यात नवल वाटलं नाही. बाकीच्यांना वाटलं.

फोटोसाठीचं साधन लग्नपत्रिकांतून निघतं. जाड पत्रिकेचे दोन काटकोन कापायचे, एकमेकांवर ठेवले की हवी तेवढी चौकट मिळते. सभेच्या मोठ्या फोटोवर ती सरकवत न्यायची. एका जागी तुफान गर्दी, चार बोटं उजवीकडे सरकवली की रिकाम्या खुर्च्या. मुलं ही चौकट नंतर डोळ्याला लावून शाळेभर हिंडतात; स्नेहसंमेलनात तर एकाने प्रमुख पाहुणे आणि त्यांच्या मागे झोपलेले शिक्षक एकत्र पकडले होते.

आता मोबाइलकडे यायला हवं, कारण मुलं तिथेच राहतात. शाळेत फोन आणायला बंदी आहे, म्हणून वर्गात फोन माझा एकटीचा. इथे मी पेपरचं शेवटचं पान वापरते. तळाशी, एरवी कोणीही वाचत नाही अशी एक ओळ असते : मालकासाठी मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून तिथून प्रसिद्ध केले; संपादक अमुक; आणि बऱ्याच पेपरांत कंसात असंही की बातम्यांच्या निवडीची कायद्यानुसार जबाबदारी यांच्यावर. १८६७ साली इंग्रजांनी कायदा केला तेव्हापासून नाव छापणं भाग आहे. हेतू अर्थात लक्ष ठेवण्याचा होता, वाचकाच्या भल्याचा नव्हे. तो कायदा जाऊन २०२३चा नवा आला, ओळ राहिली. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना धरता आलं ते जबाबदारी अशी नावानिशी घेतलेली होती म्हणून. ही ओळ मुलांना शोधायला लावायची. मग माझ्या फोनवर आलेला एखादा फॉरवर्ड फळ्यावर उतरवून विचारायचं, याची ती ओळ कुठाय?

वर्ग शोधतो. ‘सर्वांना पाठवा’ सापडतं. ‘जनहितार्थ’ सापडतं. ‘माझ्या मित्राच्या भावाने स्वतः पाहिलं’ सापडतं. नाव सापडत नाही.

१ जुलै २०१८ला राईनपाड्यात जे झालं ते आमच्यापासून लांब नाही. धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारी टोळी समजून, ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने ठेचून मारले. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्याआधी कित्येक दिवस फोनाफोनी फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचांनाच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

हा विषय वर्गात काढावा की नाही यावर शिक्षकखोलीत एकमत नाही. मी काढते, पण मारहाणीची चित्रं कधीच दाखवत नाही, त्यांचं वर्णनही करत नाही. त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओबद्दल सांगते. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि भरधाव निघून जातात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला होता. त्यात पुढे ते दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात : मुलांकडे लक्ष ठेवा. आपल्याकडे फिरला त्यात शेवटचे काही सेकंद कापलेले होते. खोटं काही जोडलेलं नव्हतं, फक्त आधी थांबवलं होतं.

मग आम्ही तेच करून बघतो. शाळेच्या व्हरांड्यात एक मुलगा दुसऱ्याच्या हातातली पिशवी खसकन ओढून पळतो. चार पावलांवर थांबून, फाटलेल्या तळातून सांडलेली पुस्तकं गोळा करून देतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तो कुठे कापायचा हे मुलंच ठरवतात. चोर झालेल्या मुलाला आपला कापलेला व्हिडिओ पाहताना हसू आवरेना, मग दुसऱ्यांदा बघताना त्याने विचारलं, “हा डिलीट कराल ना, मॅडम?” त्याच्यादेखत केला.

रीलवरच्या जाहिरातींबद्दल ती मला शिकवतात. पैसे घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहावं, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये केले, एवढं मी सांगते. कोण लिहितो, कोण लिहीत नाही आणि कोण दिसणार नाही अशा रंगात लिहितो, याची यादी मुलांकडे तयार असते.

एक गोष्ट मात्र मला खुपते. दोन महिने असं चिरफाडीचं काम केलं की वर्गात एक वाक्य उगवतं : “सगळे विकलेलेच असतात.” बोलणाऱ्याला वाटतं तो फार हुशार झाला. मला ते तक्त्यावरच्या दहा युक्त्यांपेक्षाही वाईट वाटतं, कारण असं म्हणणारा उद्या काहीच वाचणार नाही, आणि न वाचणाऱ्याला कोणीही काहीही विकू शकतं. याच्यावर मला कागदाचं साधन सापडलेलं नाही. माणूस बोलवावा लागला.

तालुक्याचा वार्ताहर वर्गात आला तो हेल्मेट हातात घेऊन. मुलांनी आधी प्रश्न काढून ठेवले होते आणि पहिलाच प्रश्न पगाराचा होता. त्यांनी न लाजता सांगितलं की मानधन पेट्रोलला पुरत नाही, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणाव्या लागतात, त्यावर थोडं कमिशन मिळतं. ज्या सरपंचाकडून जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध बातमी कशी देता, हा पुढचा प्रश्न. “कधी देतो, कधी नाही देऊ शकत,” ते म्हणाले. मग त्यांनी अपघाताची बातमी कशी होते ते सांगितलं. गाडी उलटल्याचा फोन येतो, पाच जण पाच आकडे सांगतात. ठाण्यात जायचं, मग ग्रामीण रुग्णालयात, नावं लिहून घ्यायची आणि ती दुसऱ्याकडून पुन्हा वदवून घ्यायची, कारण जिवंत माणसाचं नाव मृतांत गेलं तर त्याच्या घरी काय होईल? व्हॉट्सअ‍ॅपवर नावं तोवर फिरलेली असतात. “आम्ही उशीर करतो,” ते म्हणाले, “आमचं काम तेच.” ‘विकलेले’वाला मुलगा पुढे होऊन त्यांच्या वहीत डोकावून आला. वहीत एक नाव तीन वेळा खोडून तीन प्रकारे लिहिलेलं होतं.

त्यानंतर नववीने भित्तिपत्रक काढलं. दहावीच्या पेपरातलं दीपप्रज्वलन त्यात आलंच, मुख्याध्यापकांनी तेवढं सुचवलं होतं. पण मुख्य बातमी मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाला पाणी येत नसल्याची होती आणि ती दोन मुलींनी आठवडाभर वेळा टिपून लिहिली होती. खाली, शेवटच्या पानासारखी, नावांची ओळ. त्या ओळीवर सही कोणी करायची यावर सगळ्यात लांब चर्चा झाली. माझी करा, असं मी म्हणून पाहिलं; त्यांनी नको म्हटलं. सही ‘पान एक’च्या खेळात जाहिरात हलवायला नकार देणाऱ्या मुलाने केली.

मुख्याध्यापक बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. मग त्यांनी नळाची बातमी दीपप्रज्वलनाच्या खाली का घेत नाही, असं विचारलं. कोणी हललं नाही.

नळ त्या आठवड्यात दुरुस्त झाला नाही. पुढच्या अंकात मुलींनी पाठपुरावा म्हणून चार ओळी दिल्या आणि त्यात प्लंबरचं म्हणणंही घेतलं : टाकीच गळते, नळाचा काही दोष नाही.